घरात एकटी राहिली की गुंडी भुंकत राहते

चांदणचुरा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, स्वतःहून धागा काढायची ही पहिलीच वेळ. मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे.

आमची गुंडी चार वर्षांची. एक कान उभा, एक पडलेला, अंगाने सडपातळ, स्वभावाने अगदी गरीब. वर्षाची असताना आमच्याकडे आली. तेव्हापासून नवरा किंवा मी, कुणीतरी एक घरून काम करत होतोच, त्यामुळे ती एकटी अशी कधी राहिलीच नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी बदलली आणि मलाही आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, "अगं, दिवसभर रडते गं ती. मला ऐकवत नाही." मग एके दिवशी दाराच्या फटीत चिठ्ठी सापडली, 'कुत्र्याचा बंदोबस्त करा'. खाली नाव नव्हतं.

निघण्याआधी तासभर पळवून आणलं. टीव्ही चालू ठेवून पाहिला. चघळायला तिची आवडती कांडी दिली. निघताना समजूत काढली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून समजूत न काढता गुपचूप सटकून पाहिलं. एकदा तर अर्ध्या जिन्यातून परत येऊन मी तिला रागावले. तिने कान पाडले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

भुंकलं की आपोआप झटका देणारा एक पट्टा मिळतो, तो दोघातिघांनी सुचवलाय. मन धजत नाही. पण तक्रारी वाढून घर सोडायची वेळ आली तर, हीही भीती आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

रानवारा | सोमवार, रात्री १०:०२

पट्ट्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी एक काम करा. जुना फोन किंवा कॅमेरा दाराच्या दिशेने लावा आणि नेहमीसारखं निघून जा. निदान तासाभराचं रेकॉर्डिंग हवं.

मी अकरा वर्षं बेघर कुत्री तात्पुरती सांभाळतोय, कायमचं घर मिळेपर्यंत. 'एकटं राहिलं की भुंकतं' असं सगळे एकाच दमात सांगतात, पण आत वेगवेगळी दुखणी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. कुणी बाहेरच्या आवाजावर भुंकतं, म्हणजे राखण करतं. कुणी कंटाळून भुंकतं. ते बहुधा आधी झोपतं, मग उठून काहीतरी कुरतडतं, थोडं भुंकतं, पुन्हा आडवं होतं. आणि कुणी घाबरून भुंकतं. या तिसऱ्याला आपण सेपरेशन अँग्झायटी म्हणतो. ते तुम्ही दार लावल्यापासून काही मिनिटांतच सुरू होतं आणि पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट असतो.

रेकॉर्डिंगमध्ये तीन गोष्टी बघा. किती मिनिटांनी सुरू झालं, दोन भुंकण्यांच्या मध्ये ती काय करते, आणि ठेवलेल्या खाण्याला तोंड लावते का. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त सांगून जाते. घाबरलेलं कुत्रं समोर कितीही आवडीचं ठेवलं तरी खात नाही, आणि तुम्ही परत आलात की तेच अधाशासारखं संपवतं.

कवडसा | मंगळवार, सकाळी ७:४८

रानवारांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही 'दिवसभर भुंकतो' अशीच तक्रार होती आणि आम्ही तो बिचारा आमच्यासाठी झुरतोय असं समजून बसलो होतो. व्हिडिओत वेगळंच निघालं. सोफा खिडकीला लागून होता. त्याच्या पाठीवर चढून साहेब रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला हाकलत होते. आणि त्याच्या दृष्टीने प्रत्येक वेळी तो जिंकत होता, कारण भुंकलं की माणूस पुढे निघून जातोच. माणूस तसाही जाणारच होता, हे त्याला कोण सांगणार?

आम्ही सोफा हलवला, खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धुरकट फिल्म लावली, आणि आम्ही नसताना त्याला दारापासून लांबच्या खोलीत ठेवायला लागलो. दारावरची घंटा बंद करून ठेवली. आठवड्याभरात निम्म्याहून जास्त फरक पडला. एक लक्षात ठेवा, आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. त्यामुळे आपल्याला शांत वाटणाऱ्या घरात त्यांना बरंच काही ऐकू येत असतं.

सरळसोट | मंगळवार, दुपारी १:१५

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. भावाच्या कुत्र्याला तो पट्टा लावला आणि दोन दिवसांत आवाज बंद. शेजारी खूश, भाऊ खूश. कुत्रंही ठीक दिसतं. घर जाण्यापेक्षा हे बरं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कधी कधी माणसासमोर दुसरा मार्ग नसतो.

पाऊलखुणा | मंगळवार, रात्री ८:३०

मी पशुवैद्यक आहे आणि गेली काही वर्षं मुख्यतः वर्तनाच्या तक्रारी बघते. सरळसोट, तुमच्या भावाची अडचण मला कळते. शेजाऱ्यांचा दबाव ही काही लहान गोष्ट नाही. पण त्या पट्ट्याने नेमकं काय होतं ते सांगते.

कुत्रं घाबरून भुंकत असेल तर भुंकणं हा त्या भीतीचा आवाज आहे. झटका दिला की आवाज थांबतो, भीती तिथेच राहते आणि त्यात वेदनेची भर पडते. म्हणजे एकटं राहणं आधी नुसतं भीतिदायक होतं, आता ते दुखतंही. मग अशी कुत्री पंजे चाटून चाटून जखम करून घेतात, दाराची चौकट खरवडतात, घरात शू करतात, किंवा एका जागी थिजून बसतात. बाहेरून बघणाऱ्याला ते शहाणं झाल्यासारखं दिसतं. लिंबासारख्या वासाचा फवारा मारणारे पट्टे सौम्य म्हणून विकले जातात, पण तत्त्व तेच आहे. शिवाय यातले काही शेजारच्या कुत्र्याच्या आवाजालाही सुरू होतात. म्हणजे गप्प बसलेल्यालाच शिक्षा. वेल्समध्ये तर विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे.

यापुढची पायरी म्हणजे स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून आवाज काढून टाकणं. कुणी हा धागा वाचून त्या वाटेला जाऊ नये म्हणून मुद्दाम लिहिते. पाळीव प्राण्यांच्या रक्षणासाठी युरोपात १९८७ साली जो करार झाला त्यात उपचाराची गरज नसताना केलेल्या शस्त्रक्रियांना मनाई आहे, आणि त्यात शेपूट व कान कापण्याच्या जोडीला आवाज काढणंही नाव घेऊन लिहिलेलं आहे.

चांदणचुरा, व्हिडिओ झाला की इथे वर्णन टाका.

चांदणचुरा | बुधवार, रात्री ११:२०

व्हिडिओ पाहिला. दोघांनी मिळून पाहिला आणि मध्येच थांबवावा लागला.

मी दार लावते. कुलपाचा आवाज येतो. ती दाराशी उभी, शेपूट खाली. साधारण चाळीस सेकंद ती हलतच नाही, फक्त उभा कान दाराकडे वळलेला. मग कुईकुई सुरू होते. तिसऱ्या मिनिटाला पहिलं भुंकणं. नंतर ती दार ते बेडरूम, बेडरूम ते दार अशा फेऱ्या मारायला लागते. एकाच रेषेत, अगदी त्याच त्या फरशांवरून. दर फेरीला दाराशी नाक लावून हुंगते. अकराव्या मिनिटाला मान वर करून गळा काढते. तो आवाज मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. तोंड उघडं, जीभ बाहेर, धापा टाकतेय, आणि दारापुढच्या फरशीवर लाळेचे थेंब पडलेले दिसतात. मी रोज आल्यावर ते पुसायचे आणि पाणी सांडलंय असं समजायचे.

चघळायची कांडी तिथेच पडून होती. मी परत आल्यावर दोन मिनिटांत संपली.

आणि अशा मुलीला मी रागावले.

पाऊलखुणा | गुरुवार, सकाळी ६:५५

रागावलात ते माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत आहे, आता पुढचं बघू.

वर्णनावरून हे घाबरणंच वाटतं. तरी हाच व्हिडिओ तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि गुंडीची नीट तपासणी करून घ्या. सांधेदुखी, पोटाचा त्रास, लघवीचा संसर्ग यातलं काही असेल तर प्रशिक्षण पुढे सरकत नाही. दुखणाऱ्या शरीराला धीर कमीच असतो.

तुम्ही तिचे लाड करून तिला बिघडवलंत, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. पलंगावर झोपू दिल्याने हा आजार होत नाही. घरातली दिनचर्या एकदम बदलणं, घर बदलणं, घरातलं माणूस जाणं, आधी कुणी सोडून दिलेलं असणं, अशी कारणं जास्त दिसतात. तुमच्याकडे तर दोघंही एकाच महिन्यात बाहेर पडलात. फिनलंडमध्ये २०२० साली १३,७०० पेक्षा जास्त पाळीव कुत्र्यांची माहिती गोळा केली होती, त्यात एकटेपणाशी जोडलेला त्रास साधारण ५ टक्क्यांत आढळला आणि आवाजाची भीती ३२ टक्क्यांत. म्हणजे दर वीस कुत्र्यांमागे एक गुंडी आहे.

औषधाबद्दलही आताच बोलते, कारण लोक ते फार उशिरा विचारतात. कुत्र्यांच्या याच त्रासासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९८ मध्ये क्लोमिप्रामीनला आणि २००७ मध्ये फ्लुऑक्सेटीनला मान्यता दिली, दोन्हींना प्रशिक्षणाच्या जोडीने वापरायचं म्हणून. ही गुंगीची औषधं नाहीत. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. याउलट नुसतं गुंगवणारं औषध दिलं तर अंग ढिलं पडतं आणि आतली भीती तशीच राहते, म्हणून ते नको. आणि घरातली माणसांची गोळी तर कधीच नाही.

रानवारा | गुरुवार, रात्री ९:३५

आता कामाचं बोलू. लांब लिहितोय, सवडीने वाचा.

सगळ्यात अवघड अट आधी सांगतो. प्रशिक्षण चालू असेपर्यंत गुंडीला तिच्या सोसण्यापलीकडे एकटं ठेवायचं नाही. एकदाही नाही. तुम्ही सकाळी वीस सेकंदांचा सराव केलात आणि दुपारी सहा तास निघून गेलात, तर सकाळचं पुसलं जातं. मला ठाऊक आहे हे ऐकून पोटात गोळा येतो. पण बसून यादी करा. तुमचे ऑफिसचे दिवस आणि नवऱ्याचे दिवस वेगवेगळे करता येतील का? एखादी आजी, मैत्रीण, कॉलेजला जाणारा शेजारचा मुलगा, पाळणाघर, जिथे कुत्रं चालतं असं ऑफिस? ती ज्या माणसाजवळ शांत बसते असं कुणीही चालेल. बहुतेक कुत्र्यांना नेमके तुम्हीच हवे असता असं नाही, कुणीतरी हवं असतं. तुमच्या खालच्या काकूंना विचारून बघा. 'ऐकवत नाही' म्हणणारी बाई आणि 'बंदोबस्त करा' म्हणणारा माणूस, दोघांत फरक आहे.

मग तिची मर्यादा. व्हिडिओवरून ती चाळीस सेकंद आहे. तीन मिनिटं नाही, कारण भुंकणं तिसऱ्या मिनिटाला आलं तरी कुईकुई चाळिसाव्या सेकंदाला आली. म्हणून सुरुवात दहा-पंधरा सेकंदांपासून.

त्याआधी निघण्याच्या खुणा मोडा. किल्ली वाजली, बूट घातले, बॅग खांद्याला लावली की तिचं काळीज तिथेच धडधडायला लागतं. दिवसातून कितीतरी वेळा किल्ल्या उचला आणि टेबलावर बसा. बूट घालून चहा करा. बॅग लावून कपडे वाळत घाला. हळूहळू किल्लीचा अर्थ पुसट होतो. यात घाई नको. एका खुणेला तिने मान वर करणंही सोडलं की दुसरी घ्या.

मग दार. दाराच्या मुठीला हात लावा, परत या. दार उघडा, बंद करा, आतच राहा. बाहेर पाऊल टाका, आत या. बाहेर जाऊन दार लोटा, दोन सेकंद, आत या. कुलूप लावा, पाच सेकंद. फोनवर कॅमेरा उघडा ठेवा आणि तिच्याकडे बघत राहा. ती चुळबुळायच्या आत परत यायचं, चुळबुळ झाल्यावर नाही. जांभई, ओठ चाटणं, पंजा उचलून धरणं, कान मागे जाणं, कुईकुईच्या आधी हे सगळं येतं. ते दिसलं की वेळ जास्त झाली, पुढच्या वेळी अर्धी करा.

आणि दर वेळी वाढवत नेऊ नका. वीस सेकंद, आठ सेकंद, तीस, बारा, पंचवीस. सारखी चढण चढवली की तिला कळतं, प्रत्येक वेळ आधीच्यापेक्षा वाईट असते. दिवसातून एकदा, फार तर अर्धा तास, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. वही ठेवा. किती सेकंद, काय दिसलं, त्या दिवशी बाहेर काही गडबड होती का. तीन आठवड्यांनी ती वहीच धीर देते.

परत आल्यावर तिच्याकडे ढुंकूनही बघू नका, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. शांतपणे बसा, हात फिरवा, बोला. फक्त दारातच दंगा नको.

खाण्याच्या खेळण्यांबद्दल: भीती कमी झाली की ती उपयोगी पडतात, भीतीवर उपाय म्हणून नाही. तुम्ही घरात असतानाच ती द्यायला सुरुवात करा. नाहीतर ते खेळणं म्हणजेच 'आई निघाली' अशी नवी खूण होते. आत पीनट बटर भरणार असाल तर डबा वाचा. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. बेदाणे आणि द्राक्षंही नकोत.

निशिगंध | शुक्रवार, पहाटे ५:४०

मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. रात्रपाळी करते, दिवसा झोपते, आणि शेजारचं कुत्रं वर्षभर रोज दुपारी रडायचं. चिठ्ठी मी टाकली नाही, पण टाकायच्या बेतात होते.

शेजारची मुलगी एकदा दार वाजवून आली. माफी मागितली आणि सांगितलं की कुत्रीला त्रास होतोय म्हणून ती रडते, आम्ही उपचार सुरू केलेत, दोन-तीन महिने लागतील. कुठल्या दिवशी काय करणार तेही सांगितलं, आणि माझी झोपेची वेळ विचारून घेतली. त्या दिवसानंतर आवाज तोच होता, पण मी उशीत तोंड खुपसून रागाने रडायची थांबले. आवाजापेक्षा 'यांना काही पडलेलीच नाही' हे जास्त खुपत होतं.

तेव्हा चांदणचुरा, वर-खाली आणि शेजारी, सगळ्यांकडे जाऊन या. नंबर द्या आणि म्हणा, आवाज आला की मला वेळ कळवा. तुम्हाला नोंद मिळेल आणि त्यांना बोलायला जागा.

तळटीप | शुक्रवार, सकाळी १०:१२

ज्यांचं कुत्रं म्हातारं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा बारा वर्षांपर्यंत छान एकटा राहायचा, मग अचानक भुंकायला लागला. आम्ही दोन महिने प्रशिक्षण करत राहिलो. निघालं असं की त्याला ऐकू कमी येत होतं आणि वयामुळे गोंधळ व्हायला लागला होता. झोपेतून उठला की आम्ही घरात असूनही त्याला सापडायचो नाही. रात्री मंद दिवा, फर्निचर एका जागी, आणि डॉक्टरांची औषधं, यांनी पुष्कळ फरक पडला. उतारवयात एकाएकी भुंकणं सुरू झालं तर आधी डॉक्टर.

कवडसा | शुक्रवार, रात्री ९:०५

गाण्यांचा उपयोग होतो का? आणि दुसरं कुत्रं आणलं तर? घरात सगळे तेच सुचवतात.

पाऊलखुणा | शनिवार, दुपारी १२:२५

दुसरं कुत्रं हवं असेल तर जरूर आणा, पण औषध म्हणून आणू नका. माणसासाठी घाबरणारं कुत्रं दुसरं कुत्रं शेजारी असूनही घाबरतं. मग दोन व्हिडिओ बघायची वेळ येते.

संगीताचं थोडं आशादायक आहे. डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निवारा केंद्रातल्या कुत्र्यांवर प्रयोग केला. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत लावलं की ती जास्त वेळ विसावली आणि कमी भुंकली, हेवी मेटलने उलट भुंकणं वाढलं. पुढे ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात संथ रॉक आणि रेगेचाही चांगला परिणाम दिसला, पण तेच ते ऐकून कुत्री सरावतात, म्हणून बदलतं ठेवावं. ही निवाऱ्यातली कुत्री होती, घरातली एकटी नव्हे, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. माझ्या अनुभवात संगीताचा खरा फायदा जिन्यातले आवाज झाकण्यात आहे. तुम्ही घरात असतानाही ते लावत जा, नाहीतर तीही निघण्याची खूण होते.

व्यायामाबद्दल एक. निघण्याआधी तासभर चेंडू फेकून पळवलेलं कुत्रं दमतं, पण शांत होईलच असं नाही. त्यापेक्षा सैल दोरीवर, तिच्या चालीने, हवं तिथे हुंगू देत फिरवून आणा. गवतात खाऊचे कण टाकून शोधू द्या. २०१९ च्या एका अभ्यासात दोन आठवडे नाकाने शोधण्याचे खेळ खेळलेली कुत्री नव्या परिस्थितीकडे जास्त आशेने बघताना दिसली.

चांदणचुरा | तीन आठवड्यांनंतर

हजेरी लावतेय.

काकूंकडे गेले होते. मी बोलायच्या आतच त्यांनी गुंडीला आत घेतलं. आता माझ्या ऑफिसच्या दोन दिवशी ती त्यांच्याकडे असते, पायाशी झोपते. तिसऱ्या दिवशी नवरा घरी थांबतो. त्याने ते मागून घेतलं, आणि मिळालं. चिठ्ठी कुणाची ते कळलं नाही, पण जिन्यातल्या सहाही दारांवर जाऊन आले.

सराव: पहिला आठवडा नुसत्या किल्ल्या आणि बूट. दुसऱ्या आठवड्यात दार. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट दहा सेकंद शांत. मग परवा मी लोभ केला, थेट पाच मिनिटं. ती दोन मिनिटांनी गळा काढून रडली, आणि काल तर दार उघडायच्या आधीच थरथरत होती. पुन्हा दहा सेकंदांवर आलोय. तपासणीत बाकी सगळं ठीक निघालं, डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटीन सुरू केलंय.

रानवारा | त्याच रात्री

हे सगळ्यांचंच होतं. दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, दाराला हातही लावू नका. मग दहा सेकंद. ती पुन्हा वर येईल, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांदा लवकर येते.

क्रेटबद्दल, म्हणजे कुत्र्याला आत ठेवायच्या पिंजऱ्याबद्दल, तुम्ही व्यक्तिगत निरोपात विचारलंत, इथेच सांगतो, इतरांनाही उपयोग होईल. क्रेट आवडणारं, दार उघडं असताना आपणहून आत झोपणारं कुत्रं असेल तर चालेल. घाबरणाऱ्याला कोंडू नका. मी सांभाळलेल्या एका कुत्रीने सळ्या चावून दोन सुळे तोडून घेतले होते. तिला मोकळ्या खोलीत ठेवल्यावर पहिल्याच दिवशी भुंकणं निम्म्यावर आलं.

सरळसोट | दहा आठवड्यांनंतर

हा धागा वर काढतोय. भावाला इथलं सगळं वाचायला दिलं. त्याने कॅमेरा लावला. कुत्रं भुंकत नव्हतं हे खरं, पण चार तास दाराशी बसून पुढचा डावा पंजा चाटत होतं. केसांखाली कातडी लाल झाली होती आणि गळ्यावर दोन ठिकाणी पट्ट्याचे व्रण. आम्ही कुणीच केस बाजूला करून पाहिलं नव्हतं. पट्टा त्याच दिवशी काढला. पाऊलखुणा, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही ठीकच समजून चाललो असतो. मनापासून आभार. तो आता आठ सेकंदांवर आहे.

चांदणचुरा | साडेचार महिन्यांनंतर

सरळसोट, आठ सेकंदांवर आम्हीही होतो. वही ठेवायला सांगा त्यांना.

गुंडीचं सांगते. सहाव्या आठवड्यापासून औषधाचा फरक दिसायला लागला. म्हणजे ती सुस्त झाली नाही, तिला धक्क्यातून सावरायला कमी वेळ लागायला लागला. दहा मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंतचा टप्पा फार रेंगाळला. चाळिशी ओलांडल्यावर मात्र वेळ पटापट वाढली. मागच्या मंगळवारी पहिल्यांदा तीन तास दहा मिनिटं. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर अजूनही काकूंकडेच, आणि काकू आता तिला रोज संध्याकाळीही बोलावतात.

मंगळवारचा व्हिडिओ मी ऑफिसात बसून थेट पाहत होते. मी दार लावलं तेव्हा ती दाराशी आली, हुंगलं, थोडी थांबली. मग वळून बेडरूमच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, जिथून दारही दिसतं आणि पलंगही. एक तास पाच मिनिटांनी कुणीतरी जिन्यातून वर गेलं. तिचा उभा कान वळला. मी श्वास रोखून बघत होते. ती एकदाच हळू भुंकली, अर्धवट, तोंड न उघडता. मग एक लांब सुस्कारा सोडला, हनुवटी पंजांवर टेकवली आणि डोळे मिटले.

दारापुढची फरशी कोरडी होती.